चांदवडची माणसं आणि जनगणनेचे रकाने

नाशिकहून मालेगावकडे निघालं की साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवर सातमाळेचे डोंगर मुंबई-आग्रा रस्त्याला खेटून उभे राहतात. त्यांच्या पायथ्याला चांदवड आहे. मागे गोदावरीचं खोरं, आणि राहूड घाट ओलांडला की पुढे खानदेशाची हद्द. उत्तरेतून दख्खनेत येणाऱ्याला आणि दख्खनेतून उत्तरेत जाणाऱ्याला ही खिंड सोयीची. त्यामुळे फौज असो, तांडा असो, व्यापारी असो की यात्रेकरू, सगळे इथूनच गेले आणि त्यांतले काही इथेच राहिले. चांदवडच्या वस्तीत आज मराठा, माळी, वंजारी, धनगर, मारवाडी जैन, मुसलमान, दलित, भिल्ल, कोळी असे सगळे आहेत. ते कोणत्या क्रमाने आले याचा माग गावात फिरून बराचसा लागतो. सरकारी आकड्यांतून मात्र तो फार थोडा लागतो. असं का, ते पाहू.

सुरुवात डोंगरापासून करावी. इथे खडकात कोरलेलं जैन लेणं आहे, साधारण अकराव्या-बाराव्या शतकातलं, आत तीर्थंकरांच्या मूर्ती. त्याच डोंगररांगेच्या कुशीत रेणुकादेवीचं मंदिर आहे. यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार याची चंद्रादित्यपुर नावाची राजधानी म्हणजे हेच चांदवड, असं अभ्यासक मानतात. किल्ल्यावर टांकसाळ होती. तिथल्या रुपयाला लोक चांदवडी रुपया म्हणत, पण नाण्यावर फारसीत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असं कोरलेलं असे. गाव मराठी, सत्ता होळकरांची, नाव मोगली अमलातलं आणि शिक्का दिल्लीच्या बादशहाचा! अठराव्या शतकातल्या चांदवडची घडण कळायला हे एक नाणं पुरे आहे.

होळकरांकडे चांदवडची पाटीलकी होती. इंदूरचं राज्य सांभाळणाऱ्या घराण्याने इथला हा हक्क जपला, कारण दख्खनेचं दार त्यांना हातात हवं होतं. गावाच्या मध्यभागी उभा असलेला रंगमहाल त्याच काळातला. बाहेरून तो गढीसारखा वाटतो, आत मात्र कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवर चित्रं आहेत. अहिल्याबाईंचं नाव या वाड्याशी आणि रेणुकेच्या मंदिराशी कायमचं जोडलं गेलं आहे. नवरात्रात देवीचे अलंकार आजही रंगमहालातून पालखीने मंदिरात जातात.

असा वाडा चालायचा तर शिपाई, कारकून, पुजारी, कासार, सोनार, शिंपी, तेली, मोतद्दार असा सगळा गोतावळा लागतो. टांकसाळीला धातूचं काम जाणणारे हात लागतात. रस्त्यावरून जाणाऱ्या तांड्यांना उधार देणारा सावकार लागतो. सत्तेच्या आश्रयाने बाजारपेठेच्या गावात माणसं जमतात ती अशी, गरजेच्या मागोमाग.

१८०४ मध्ये कर्नल वॉलेसने किल्ला घेतला. तो होळकरांना परत मिळाला आणि १८१८ मध्ये कायमचा इंग्रजांकडे गेला. पण चांदवडला खरा फटका तोफेने बसला नाही, तो रेल्वेने बसला. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला जीआयपी रेल्वेचा मार्ग लासलगाव-मनमाडकडून गेला आणि चांदवड बाजूला पडलं. तोवर इथे तांबट आणि लोहारांची मोठी वस्ती होती. मालाची वाहतूकच रुळांवर गेल्यावर त्यांचं गिऱ्हाईक पांगलं. १९०१ च्या जनगणनेत चांदवडची लोकसंख्या ५,३७४ भरली. त्या वेळी चांदवड तालुक्यातच असलेलं मनमाड तोपर्यंत तालुक्याच्या गावाच्या पुढे निघून गेलं होतं.

नंतर गाव सावरलं ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे शिक्षण. १९२८ मध्ये जैन समाजाने इथे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम ही संस्था काढली. आज तिची शाळा, महाविद्यालयं आणि अभियांत्रिकी महाविद्यालय मिळून जवळजवळ वेगळं गाव झालं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मोटारीचा रस्ता आणि त्यावरून जाणारा कांदा.

आता आकड्यांकडे वळू. जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावाची घरं, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, अनुसूचित जाती-जमाती आणि काम करणारे यांची मोजणी असते. काम करणाऱ्यांचे गट चारच: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि ‘इतर’. बाजार समितीतला अडत्या, तिथलाच हमाल, महाविद्यालयातला प्राध्यापक आणि महामार्गावरचा ढाबेवाला हे चौघेही ‘इतर’ या एकाच रकान्यात बसतात. वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम असेल तर माणूस ‘सीमांत’ ठरतो. हंगामात तीन-चार महिने खळ्यावर कांदा निवडणारी बाई त्यात जाते, मग घरचा खर्च तिच्या मजुरीवर का चालत असेना.

गाव की शहर, याचीही कसोटी आहे: वस्ती ५,००० च्या वर, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांतले किमान ७५ टक्के शेतीबाहेर. या हिशेबाने २०११ मध्ये चांदवड ‘जनगणना शहर’ होतं, पण कारभार ग्रामपंचायतीचा. नगरपरिषद नंतरची.

धर्म विचारला जातो, म्हणून जैन वेगळे मोजले जातात. पण जातीची सर्वांची मोजणी १९३१ नंतर प्रसिद्ध झालेली नाही. स्वातंत्र्यानंतर फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या. त्यामुळे तांबट किती उरले, धनगर किती, वंजारी किती, हे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर तो अंदाजच समजावा. भाषेचं गणित आणखी गमतीचं आहे. मारवाडी सांगितलं की ते हिंदीच्या बेरजेत जातं. राहूडच्या पलीकडे सर्रास कानांवर पडणारी अहिराणी मात्र मराठीत मिळवत नाहीत, ती ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेखाली धरतात. २०११ मध्ये देशभरात खानदेशीचे अठरा लाखांवर भाषक नोंदले गेले. पण अनेक अहिराणी घरांतून ‘मराठी’ असंच सांगितलं जातं, आणि प्रगणक तेच लिहून घेतो. कारण नियमच तसा आहे: माणूस सांगेल ती मातृभाषा.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे आणि तीत सर्वांची जात विचारली जाणार आहे. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी बोलली ती, अशी जनगणनेची व्याख्या आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घाईघाईत शेजाऱ्याने सांगितलं तेच सांगू नका. अहिराणी असेल तर अहिराणी सांगा, मारवाडी असेल तर मारवाडी, भिलोरी असेल तर भिलोरी. आणि त्याने काय लिहिलं, ते एकदा वाचून घ्या.