चौकोनातला निरोप

लखनौ शहराच्या पूर्वेस, अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिनहट लागते. इतिहासाच्या वाचकांस हे नाव ३० जून १८५७ च्या लढाईमुळे परिचित आहे, तर घर सजवण्याची हौस असणाऱ्यांस तेथील चकाकी चढवलेल्या मातीच्या भांड्यांमुळे. अशा भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक पैसे देताना गल्ल्याजवळ चिकटवलेल्या काळ्यापांढऱ्या चौकोनापुढे आपला फोन धरते. दुकानदार समोर बसलेला असतो. पैसे पोचले की नाहीत, हे तेथल्या तेथे समजते. चूक झाली तर ती जागच्या जागी उमगते.

आता असे समजा की, पुण्याचे एखादे कुटुंब तीच भांडी दुरून मागवते आणि उत्तरादाखल त्याला त्या चौकोनाचे नुसते चित्र संदेशातून येते. चौकोन दिसायला तसाच. परंतु परिस्थिती पालटलेली असते. दुकान डोळ्यांसमोर नाही आणि चौकोन कोणी तयार केला हे सांगणारेही कोणी नाही. शिवाय चित्र फोनच्याच पडद्यावर असल्याने त्या फोनचा कॅमेरा ते टिपू शकत नाही. मग ब्राउझरमध्ये असे एखादे पान शोधले जाते की, ज्याच्या हाती चित्र दिले असता ते आतला मजकूर वाचून दाखवते. सोय मोठी आहे. पण काळजीचा प्रारंभही येथूनच होतो.

या खुणांचा इतिहास फार जुना नाही. जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघा अमेरिकनांना १९५२ साली पट्ट्यांच्या खुणेचे, म्हणजे बारकोडच्या कल्पनेचे पेटंट मिळाले. आज मालावर दिसतो त्या स्वरूपाचा बारकोड २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या दुकानात प्रथम वाचला गेला, तो च्युइंगमच्या एका पुड्यावर. मालावरच्या या पट्ट्यांत बहुधा एक क्रमांक असतो, दुसरे काही नाही. वस्तूचे नाव आणि किंमत दुकानाच्या नोंदीत असते. ८९० ने सुरू होणारा क्रमांक भारतातील नोंदणी दाखवतो; माल भारतातच बनला, याचा तो दाखला नव्हे.

१९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीतील मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी क्यूआर कोड निर्माण केला. पट्ट्यांत माहिती एकाच दिशेने लिहिली जाते. चौकोनात ती आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांनी मांडलेली असते. त्यामुळे मोठ्यात मोठ्या कोडात ७०८९ अंकांपर्यंत मजकूर मावतो. तीन कोपऱ्यांतील ठळक चौकटी यंत्राला दिशा दाखवतात. मजकुरासोबत दुरुस्तीसाठी जादा खुणाही पेरलेल्या असतात. त्यांच्या बळावर सुमारे ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी मूळ मजकूर परत मिळवता येतो.

परंतु येथेच एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. यंत्र मजकूर बिनचूक वाचते, तो खरा आहे की नाही हे ठरवत नाही. टपालवाला पत्र सुरक्षित पोचवतो. पत्रातल्या मजकुराची हमी देत नाही. तद्वतच हे आहे.

मग भरवसा येतो कोठून? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकातील तो चौकोन मूल निःशंकपणे वाचते, कारण पुस्तक शाळेने हाती दिलेले असते. भरवसा चौकोनाचा नसतो, तो ज्या जागी छापला आहे त्या जागेचा असतो. चौकोनाचे सुटे चित्र झाले की जागा मागे राहते आणि तिच्याबरोबर भरवसाही मागे राहतो. तो परत मिळवायचा तर चौकशी हाच मार्ग आहे.

पहिली चौकशी वाचणाऱ्या पानाची. काही पाने चित्र आपल्याच उपकरणात वाचतात. काही ते दूरच्या संगणकाकडे पाठवतात. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून चित्र निवडावे. तरीही मजकूर उलगडला, तर वाचन उपकरणातच झाले असे समजावे. चित्रातील चौकोनाभोवतीची नावे व संभाषणे आधी कापून टाकावीत. विमानाच्या बोर्डिंग पासवरील किंवा आधार पत्रावरील कोड मात्र अनोळखी पानाला देऊच नये. त्यांच्या आतच व्यक्तीची माहिती असते.

दुसरी चौकशी निघालेल्या मजकुराची. वाचणे आणि उघडणे या दोन क्रिया आहेत. त्यांच्यामध्ये थोडा विसावा हवा. संकेतस्थळाचा पत्ता निघाला, तर दोन तिरक्या रेघांनंतर पुढची तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग पाहावा आणि त्याचा उजवीकडचा शेवट नीट वाचावा. ओळखीचे नाव डावीकडे ठेवून खरे घर उजवीकडे लपवणे, ही फसवणुकीची नेहमीची रीत आहे. पैशाचा कोड असेल, तर त्यात घेणाऱ्याची यूपीआय ओळख, नाव आणि कधी रक्कम असते. हे नाव कोड बनवणाराच लिहितो. म्हणून पैसे धाडण्यापूर्वी अॅप दाखवते ते बँकेतील नाव ताडून पाहावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, हे निश्चित. कोणी पाठवलेला कोड वाचून आपले संदेशखाते दुसऱ्याच्या संगणकाला जोडले जाऊ शकते, हेही विसरू नये. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

पुण्याच्या त्या कुटुंबाने इतके केले, म्हणजे आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दुकानदाराला फोन लावून नाव विचारले आणि पडद्यावरचे नाव त्याच्याशी जुळवून पाहिले, तर गल्ल्यापाशी मिळणारा भरवसा बऱ्याच अंशी परत मिळतो. याला दोन मिनिटे लागतात. चिनहटची भांडी घेणारा माणूसही आधी भांडे बोटाने वाजवून पाहतो आणि मगच पैसे मोजतो. चौकोनाच्या बाबतीतही तीच सवय पुरेशी आहे.