कोरडेपणाची परीक्षा

वापरलेले अणुइंधन पाण्यात ठेवतात, कारण पाणी त्याची उष्णता शोषते आणि किरणोत्सारही अडवते. पण इंधनाचे आवरण फुटलेले असेल, तर तेच पाणी त्याचे वैरी होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डने हा अनुभव पुरेपूर घेतला.

नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचे प्लुटोनियम याच हॅनफर्डचे. तिथली ‘एन’ अणुभट्टी १९६३ ते १९८७ चालली. तिच्या इंधनात धातुरूप युरेनियमच्या दोन नळ्या एकात एक बसवलेल्या असत, त्यांवर झिर्कोनियमच्या मिश्रधातूचे पातळ आवरण. काही काळ पाण्यात निववून हे इंधन रासायनिक कारखान्यात विरघळवायचे, असा बेत होता. कारखाना बंद पडला. मग कोलंबिया नदीपासून जेमतेम चारशे मीटरवर, १९५०च्या दशकात बांधलेल्या दोन हौदांत सुमारे २,१०० टन इंधन पडून राहिले. भट्टीतून काढतानाच कित्येक नळ्यांचे आवरण फाटले होते. पाणी आत शिरले, युरेनियम गंजले, तळाशी किरणोत्सारी गाळ साचला. त्यातला एक हौद गळकाही निघाला.

इंधन बाहेर काढून थेट डब्यात भरणे शक्य नव्हते. ओले युरेनियम गंजत राहते आणि हायड्रोजन सोडते. किरणोत्सारही पाण्याचे विघटन करून त्यात भर घालतो. बंद डब्यात या वायूचा दाब वाढत जातो. काही हायड्रोजन युरेनियमशी संयोग पावून हायड्राइड बनवतो आणि ते हवा लागताच पेट घेऊ शकते. बरे, सरळ तापवून वाळवावे, तर उष्णतेने युरेनियम आणि वाफ यांची अभिक्रिया भडकते आणि स्वतःच आणखी उष्णता निर्माण करते. म्हणून मार्ग निघाला तो निर्वातात, कमी तापमानाला वाळवण्याचा.

इंधन पाण्याखालीच स्वच्छ करून सुमारे चार मीटर उंच आणि साठ सेंटिमीटर रुंद अशा पोलादी डब्यात भरले जाई. डबा वाळवणीच्या इमारतीत आणून त्यातले पाणी काढायचे, भोवती कोमट पाणी खेळवायचे आणि पंपाने आतली हवा खेचायची. दाब नेहमीच्या हवेच्या एक-अष्टमांशावर आला की पाणी पन्नास अंशांनाच उकळते. पण इथे घाई नडते. वाफ होताना पाणी भोवतालची उष्णता ओढून घेते, आणि दाब फार झपाट्याने उतरवला तर उरलेल्या पाण्याचा बर्फ होतो. बर्फाने वाट अडते, शिवाय दाबमापक उगाच समाधानकारक आकडा दाखवतो.

या कामाचे सगळे कसब मला शेवटच्या परीक्षेत दिसते. वाळवणातला पापड पुरता वाळला का, हे मोडून पाहता येते. इथे डबा उघडायची सोय नाही. म्हणून पंपाकडची झडप बंद करतात आणि वाट पाहतात. आत ओल उरली असेल तर वाफ धरते आणि दाब चढतो. अमेरिकेतल्या वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांच्या इंधनासाठी प्रचलित कसोटी अशी आहे: दाब पाऱ्याच्या तीन मिलिमीटरच्या आत आणायचा आणि पंप तोडल्यावर अर्धा तास तो त्याच्या आत टिकला पाहिजे. बाहेरच्या हवेचा दाब ७६० मिलिमीटर असतो, यावरून ही अट किती कडक आहे ते कळावे. डबा कसोटीला उतरला की त्यात हेलियम भरतात. हेलियम कशाशीच अभिक्रिया करत नाही आणि उष्णता उत्तम वाहून नेतो.

हॅनफर्डमध्ये डिसेंबर २००० ते ऑक्टोबर २००४ या काळात हौदांतले इंधन बाहेर काढून असे सुमारे चारशे डबे भरले गेले. ते आज नदीपासून दूर, पठारावरच्या इमारतीखाली, पोलादी नळकांड्यांत उभे आहेत. नैसर्गिक वाऱ्यानेच ते थंड राहतात. गाळाचे निस्तरणे मात्र बरेच लांबले. तो नदीकाठावरून हलवायला २०१९ उजाडले. इंधन वेळेवर वाळवले असते, तर यातला बराच खर्च आणि धोका टळला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोरड्या साठवणीची खरी कसोटी २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात लागली. तिथल्या नऊ पिंपांत ४०८ इंधनजुडगे होते. त्सुनामीचे पाणी ही पिंपे ठेवलेल्या इमारतीत घुसले, तरी आतले इंधन सुरक्षित राहिले.

आपल्याकडे तारापूरची पहिली दोन युनिटे १९६९ पासूनची आहेत आणि वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याचे भारताचे धोरण आहे. तरीही प्रक्रियेची पाळी येईपर्यंत इंधन कुठेतरी थांबतेच. नव्या अणुवीज प्रकल्पाची चर्चा निघाली की किती मेगावॉट हे आपण विचारतो. वापरलेले इंधन कुठे, कशात आणि किती वर्षे राहणार, हेही वाचकांनी तितक्याच आग्रहाने विचारावे.