रुग्ण कोणाचा?

घरात कोणी आजारी पडले म्हणजे त्याची शुश्रूषा कोणी करावी, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. आई उशाशी बसते, बहीण पेज करून आणते, वडील डॉक्टरांस बोलावून आणतात. आणि मध्यरात्री ताप चढला तर ते आईस कोणी सांगावे लागत नाही, कारण तिचा हात रुग्णाच्या कपाळावर असतोच. परंतु तोच रुग्ण आपल्या मारेगावाहून वणीस, यवतमाळास, चंद्रपुरास अथवा सेवाग्रामास नेला, की घराच्या जागी तीस-चाळीस खाटांचा वॉर्ड येतो आणि एका आईच्या जागी पाळीपाळीने बदलणाऱ्या मोजक्या परिचारिका येतात. एवढ्या रुग्णांचे काम इतक्या थोड्या हातांत कसे वाटून द्यावे, याच्या काही पद्धती ठरून गेल्या आहेत. ही वाटणी वरवर पाहता केवळ व्यवस्थेची बाब वाटते. परंतु खाटेवर पडलेला मनुष्य आणि त्याच्या सेवेस उभी असलेली परिचारिका, या दोघांच्याही सुखदुःखाशी तिचा निकट संबंध आहे. विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून या पद्धतींचा थोडक्यात परिचय करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

परिचर्या हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे, ही कल्पना फार जुनी नाही. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली जखमी शिपायांच्या सेवेस गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय काढले, तेव्हापासून तिला शास्त्राचे रूप आले. आपल्याकडे हे काम रुजविण्यात मिशन रुग्णालयांचा वाटा मोठा आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेस १८९४ साली रुग्णालय उघडले. परक्या माणसाचे मलमूत्र काढणे हे प्रतिष्ठित घरच्या मुलीचे काम नव्हे, अशी ज्या काळी समजूत होती, त्या काळी अशा ठिकाणी पुष्कळशा ख्रिस्ती मुलींनी हा पोशाख प्रथम अंगावर चढविला. पुढे रुग्णालये वाढली, रुग्ण वाढले, आणि वाटणीचा प्रश्न उभा राहिला.

पहिली पद्धत कामवार वाटणीची. एका परिचारिकेने सर्व रुग्णांचा ताप व नाडी पाहावी, दुसरीने सर्वांस गोळ्या द्याव्या, तिसरीने इंजेक्शने व सलाईन पाहावे, चौथीने मलमपट्टी करावी, अशी ही रीत आहे. माणसे थोडी व रुग्ण फार असले म्हणजे हीच रीत हाताशी येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकलेल्या परिचारिकांची टंचाई पडली, तेव्हा पाश्चात्त्य देशांत ती दृढ झाली, आणि आपल्याकडील गर्दीच्या वॉर्डांत ती आजही दिसते. तिचे गुण नाकारता येत नाहीत. एकाच कामावर हात बसल्याने ते झपाट्याने होते; थोडे शिकलेले मनुष्यही एखादे काम चोख करू शकते; आणि चाळीस रुग्णांपैकी एकाचेही इंजेक्शन राहून जात नाही.

मग दोष कोठे आहे? समजा, एखाद्या कोलाम पोडावरील वृद्ध गृहस्थ वॉर्डात एकटाच आहे. त्यास मराठी नीट समजत नाही. ताप पाहणारी ताप पाहून गेली, गोळ्या देणारी गोळ्या ठेवून गेली, पट्टी बांधणारी पट्टी बांधून गेली. तिघींनीही आपापले काम बिनचूक केले. परंतु म्हाताऱ्याने काल दुपारपासून अन्नास हात लाविला नाही, गोळ्या उशाखाली तशाच आहेत, आणि एकाच कुशीवर पडून त्याच्या कमरेची कातडी लाल झाली आहे, या तीन गोष्टी एकत्र पाहणारे कोणीच नाही. कारण ते कोणाच्याच वाटणीस आलेले नाही. कामे सर्व झाली आणि रुग्ण मात्र राहून गेला, असा प्रकार येथे होतो.

परिचारिकेचेही यात नुकसान होते. इझाबेल मेंझिस या विदुषीने लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातील परिचर्येचा बारकाईने अभ्यास करून १९६० च्या सुमारास आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णास नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने वा दुखण्याच्या नावाने ओळखण्याची, आणि प्रत्येक परिचारिकेने पुष्कळ रुग्णांची थोडी थोडी कामे करण्याची चाल तेथे होती. दुःख व मृत्यू रोज डोळ्यांपुढे असल्याने मनास जी धास्ती बसते, तीपासून बचाव व्हावा म्हणून ही चाल नकळत पडली असावी, असे त्यांनी दाखविले. परंतु हा बचाव खरा नव्हता. धास्ती गेली नाहीच. उलट आपल्या सेवेने अमुक मनुष्य बरा झाला, हे समाधान मात्र गेले, आणि कित्येक विद्यार्थिनी शिक्षण अर्धे टाकून निघून जात. आमच्या ज्या विद्यार्थिनी या व्यवसायात आहेत, त्यांपैकी एकीने सुट्टीत भेटावयास आली असता सांगितले की, दिवसभरात चाळीस जणांस सलाईन लाविले, पण संध्याकाळी एकाचाही चेहरा आठवेना. लंडनच्या विदुषीने ग्रंथात मांडलेली गोष्ट या मुलीने एका वाक्यात सांगितली, असे आम्हांस वाटले.

दुसरी पद्धत रुग्णवार वाटणीची. एका पाळीत पाच-सहा रुग्ण एका परिचारिकेकडे सोपवावे, आणि त्यांचा ताप, औषध, स्नान, खाणे, मलमपट्टी, धीर देणे हे सर्व तिनेच पाहावे. वर सांगितलेल्या वृद्धाच्या उशाखालच्या गोळ्या आणि कमरेची लाली अशा परिचारिकेच्या दृष्टीतून सुटणे कठीण. मात्र पाळी संपली की तिचा संबंध संपतो, आणि उद्या तेच रुग्ण तिच्याकडे येतीलच असे नाही.

तिसरी पद्धत गटाची. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात एलिनॉर लॅम्बर्टसन यांनी १९५० नंतरच्या दशकात ती पुढे आणिली. अनुभवी परिचारिका प्रमुख, तिच्या हाताखाली नवशिक्या व मदतनीस, आणि त्या सर्वांकडे मिळून वॉर्डाचा एक भाग, असे तिचे स्वरूप आहे. गटाने रोज एकत्र बसून प्रत्येक रुग्णाविषयी बोलावे, हा तिचा प्राण होय. ही बैठक वेळेअभावी बंद पडली, की गटपद्धती पुन्हा कामवार वाटणी होऊन बसते.

चौथी पद्धत उत्तरदायी परिचारिकेची. मेरी मँथी व त्यांच्या सहकारिणींनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६९ साली तिचा आरंभ केला. रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत त्याच्या परिचर्येची जबाबदारी एकाच परिचारिकेची. ती घरी गेली असता दुसऱ्या परिचारिका तिने आखून दिल्याप्रमाणे काम करितात, परंतु उत्तर द्यावयाचे ते तिने. येथे परिचारिका केवळ हुकूम पाळणारी न राहता विचार करणारी होते, आणि रुग्णासही आपले माणूस कोण ते कळते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यास पूर्ण शिकलेल्या परिचारिका पुरेशा लागतात, आणि एकीवर जबाबदारीचा भार फार पडतो. म्हणूनच या पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांतून एकच पद्धत सर्वत्र श्रेष्ठ, असा निकाल निघालेला नाही.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहे. त्यातील एक गोष्ट या विषयास फार लागू पडते. त्या प्रवाशाने जखमा स्वतः बांधल्या, जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले व त्याची काळजी घेतली. परंतु दुसऱ्या दिवशी त्यास पुढे जाणे भाग होते. तेव्हा त्याने तो रुग्ण उतारशाळेच्या रक्षकाच्या हवाली केला, खर्चाची तजवीज केली आणि आपण परत येऊ असे सांगून ठेविले. कोणताही मनुष्य चोवीस तास एकाच्या उशाशी राहू शकत नाही; पण जाताना रुग्ण कोणाच्या हवाली केला, हे त्याने सांगितलेच पाहिजे. सर्व पद्धतींची कसोटी याच ठिकाणी लागते.

आता हातांच्या संख्येचा विचार करू. हे गणित आठवीच्या विद्यार्थ्यासही सोडविता येईल. वॉर्डात ३० रुग्ण आहेत आणि पाळी ८ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची आहे. परिचारिका एकच असेल तर प्रत्येक रुग्णाच्या वाट्यास १६ मिनिटे येतात. त्यांतच औषध, पट्टी, नोंदी व नातेवाइकांच्या प्रश्नांची उत्तरे. पाच परिचारिका असतील तर तीच मिनिटे ८० होतात. परंतु प्रत्येक पाळीस पाच जणी हव्या तर आठवड्याच्या २१ पाळ्यांस १०५ हजेऱ्या लागतात. एक परिचारिका आठवड्यास ६ पाळ्या करील, म्हणजे एका वॉर्डास किमान १८ जणी हव्या, आणि त्यांत रजा व आजारपण धरलेले नाही. सोळा मिनिटांच्या वॉर्डात कोणतीही उत्तम पद्धत कागदावरच राहावयाची.

संख्येचा परिणाम किती गंभीर असतो, हे लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालये अभ्यासून २००२ साली दाखविले. तेथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याचा संभव शेकडा ७ ने वाढलेला आढळला, आणि परिचारिका मनाने थकून जाण्याचा संभव शेकडा २३ ने. कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा करून परिचारिकेकडील रुग्णांच्या संख्येस मर्यादा घातली. तिचा अंमल २००४ पासून सुरू झाला. आपल्या देशाची टंचाई तर जुनी आहे. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, असे प्रमाण होते. तेव्हापासून संख्या पुष्कळ वाढली. तरी वॉर्डातील गर्दी हटली नाही.

ही उणीव आपल्याकडे कोण भरून काढितो? रुग्णाचा भाऊ, सून, शेजारी. खाऊ घालणे, कूस बदलणे, सलाईन संपत आले की सिस्टरला हाक मारणे, हे सर्व तेच करितात. ही पाचवी, कोणत्याही पुस्तकात नसलेली पद्धत होय. तिच्यात माया आहे, पण शिक्षण नाही. आणि ज्यास कोणी नाही, त्यास तीही नाही.

परंतु ज्यास कोणी नाही त्याचेही कोणी होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात तेथील एका कामगाराने निर्घृण हल्ला केला. मेंदूस इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या, आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले, कूस बदलली. ज्यांनी आरंभ केला त्या निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलींनी परिचारिका होऊन तीच सेवा पुढे चालविली. त्यांच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो नाकारिला. इतक्या वर्षांत अंगास अंथरुणाची एक जखमही झाली नाही याची प्रशंसा केली, आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा आहे, असे म्हटले. रुग्ण कोणाचा, या प्रश्नास देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने दिलेले हे उत्तर आहे. जो कूस बदलतो, त्याचा. आणि ही सेवा एका व्यक्तीने केली नाही. पाळीमागून पाळी, पिढीमागून पिढी, हवाली करीत करीत ती झाली.

पालकांस आमची विनंती अशी की, आपले माणूस रुग्णालयात ठेवाल तेव्हा त्या पाळीत त्याच्याकडे कोणती परिचारिका पाहणार हे सौम्यपणे विचारून घ्यावे, तिचे नाव लक्षात ठेवावे, आणि रुग्णाचे खाणे, झोप, पूर्वीची औषधे, त्याची बोली यांविषयी तिला स्वतः सांगावे. विलंब झाला तर तिच्यावर ओरडण्यापूर्वी सोळा मिनिटांचे गणित आठवावे, आणि परिचारिकांच्या रिकाम्या जागा भराव्या अशी मागणी जेथे करावयाची तेथे करावी. शेजारच्या खाटेवर कोणी एकटा असेल तर आपल्या पेजेतील चार घास त्यासही विचारावे. आणि आमच्या ज्या मुली, किंबहुना मुलेही, बारावीनंतर या शिक्षणाकडे वळतील, त्यांनी वॉर्डाची रीत कोणतीही असो, पाळी संपविताना कामांच्या यादीबरोबर रुग्णाचे नावही पुढच्या हाती द्यावे.