माशालाही आडोसा हवा

पैठणजवळचे जायकवाडी धरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. गोदावरी नदीवरचे हे मातीचे धरण. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याची पायाभरणी केली. १९७६ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाला २७ दरवाजे आहेत. मागे साठलेल्या पाण्याला एकनाथ महाराजांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. या पाण्यावर शेते भिजतात, गावे आणि शहरे तहान भागवतात. आणि याच पाण्यावर भोई व इतर मच्छीमारांच्या घरची चूल पेटते.

पण पाणी भरपूर म्हणजे मासा भरपूर, असे नसते. ते का, हे आज आपण पाहू.

नदी आणि तलाव

नदीत माशाला लपायला जागा असते. कुठे डोह असतो, कुठे खडकाची कपार. काठाला झाडांची मुळे पाण्यात उतरलेली असतात. लव्हाळे असते. धरणाच्या तलावात हे सारे कमी. नाथसागर तर पसरट आहे. त्याच्या तळाशी बुडालेल्या गावांची शेतजमीन आणि वर साचलेला गाळ आहे. अशा उघड्या तळावर लहान मासा जाणार कुठे?

तलावात कटला, रोहू, मृगळ या माशांची पिल्ले सोडतात. बोटाएवढी असतात म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. पाण्यात मरळ टपलेली असते, वरून पाणकावळा बुडी मारतो. माणसाचे बारीक आसाचे जाळे तर सर्वांत वाईट. त्यातून काहीच सुटत नाही. बोटुकली मोठी झालीच नाही, तर पुढच्या साली जाळ्यात किलोचा मासा येणार कुठून?

फांद्यांचा ढीग काय करतो?

पाण्यात फांद्यांचा ढीग सोडला की दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे लहान माशाला आडोसा मिळतो. बारीक फटीतून तो आत शिरतो, मोठा मासा बाहेर राहतो. दुसरी गोष्ट आपल्याला चटकन दिसत नाही. थोड्या दिवसांत फांद्यांवर शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. त्यात बारीक किडे, अळ्या वाढतात. रोहूसारखा मासा हा थर खरवडून खातो. म्हणजे एका फांदीत घरही झाले आणि चाराही झाला.

काही माशांना अंडी घालायलाही याचा उपयोग होतो. सायप्रिनसची अंडी चिकट असतात. ती पाणवनस्पतीला चिकटून राहतात. म्हणून मत्स्यबीज केंद्रात पाणवनस्पतींच्या पेंढ्या पाण्यात सोडतात.  कटला, रोहू, मृगळ यांचे मात्र तसे नाही. ते साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. तेव्हा ढीग टाकला म्हणून बोटुकली सोडायची गरज संपली, असे कोणी समजू नये.

ढीग कसा करावा?

बांबू, बोर, बाभूळ यांच्या वाळलेल्या फांद्या घ्याव्या. पाला झाडून टाकावा. हिरवा पाला पाण्यात कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू संपवतो. शेर आणि थोर यांना हात लावू नये. त्यांचा चीक माशाला विषारी असतो. मधे बारीक काड्या, बाहेर जाड फांद्या असा भारा बांधावा. दगड बांधून तो बुडवावा. बांधायला काथ्याचा दोर घ्यावा. वर खुणेला भोपळा ठेवावा, म्हणजे कोणाचे जाळे त्यात अडकून फाटणार नाही.

जुने टायर, प्लॅस्टिक, तारा टाकू नयेत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७० च्या दशकात माशांसाठी म्हणून लाखो टायर समुद्रात सोडले. त्यांचे बंध तुटले, टायर लाटांबरोबर वाहू लागले आणि जवळच्या प्रवाळाची नासाडी झाली. पुढे ते बाहेर काढायला पाणबुडे लावावे लागले.

जागाही पाहून निवडावी. नाथसागराचे पाणी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात खूप उतरते. भाद्रपदात काठाजवळ टाकलेला ढीग वैशाखात कोरडा पडतो. म्हणून उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी राहील अशी जागा हवी. फार खोलही नको. उन्हाळ्यात खोल तळाशी प्राणवायू कमी पडतो. कोणत्या ठिकाणी पाणी टिकते, हे जुन्या मच्छीमाराइतके कोणाला कळत नाही. त्याला आधी विचारावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाथसागर १९८६ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे. पाणी पाटबंधारे खात्याचे आहे. म्हणून एकट्याने काही करू नये. आपल्या मच्छीमार संस्थेमार्फत मत्स्यव्यवसाय, वन आणि पाटबंधारे खात्यांची परवानगी घ्यावी, मगच हात घालावा.

आडोसा की सापळा?

आता सर्वांत महत्त्वाचे. बांगलादेशात पावसाळा सरला की नदीत फांद्या रोवतात. त्याला काठा म्हणतात. आडोशाला मासा गोळा होतो. मग भोवती जाळे लावतात, फांद्या उपसतात आणि सारा मासा धरतात. पिल्लूसुद्धा राहत नाही. त्या दिवशी टोपली भरते खरी. पण तो मासा काही नवा झालेला नसतो. चहूकडचा एका जागी आलेला असतो, इतकेच.

आपल्याकडेही असेच घडेल. ढीग टाकला आणि त्यावरच जाळे मारले, तर तलाव आधीपेक्षा लवकर रिकामा होईल. म्हणून संस्थेच्या बैठकीत आधी दोन गोष्टी ठरवाव्या. ढिगाभोवती जाळे टाकायचे नाही. बारीक आसाचे जाळे कोणीच वापरायचे नाही. हे सर्वांनी पाळले, तर ढिगातली बोटुकली वाढून बाहेर पडेल आणि ज्याच्या त्याच्या जाळ्यात मोठी होऊन येईल.

ढिगाला फांद्या लागतात चार. त्या कोणीही आणील. त्याची राखण मात्र सगळ्यांनी मिळून करायची आहे.