‘हे अंशतः खरे आहे’ : घरांचा पुरवठा आणि आमदाराचा प्रश्न

विधिमंडळाचे अधिवेशन मुंबईत असो वा नागपुरात, प्रश्नोत्तरांच्या तासात एखाद्या सदस्याने उपकरप्राप्त इमारतींच्या रखडलेल्या पुनर्रचनेविषयी किंवा नव्या वसाहतीला न मिळालेल्या नळजोडणीविषयी मंत्र्यांना जाब विचारला, की दुसऱ्या दिवशी त्याची चार ओळींची बातमी छापून येते, आणि ती वाचून एरवी सुजाण असलेला नागरिकही ‘विचारून काय होणार, घरे थोडीच उभी राहणार आहेत’ असे म्हणत पान उलटतो. ही उदासीनता अनुभवातून आलेली आहे हे मान्य करूनही, तिच्या बुडाशी काही चुकीच्या समजुती आहेत, आणि ज्यांनी उत्तर द्यावयाचे त्यांच्या त्या सोयीच्या ठरतात, म्हणून त्यांचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत रूढ समजूत अशी की, सभागृहातील प्रश्न हा एक शिष्टाचार आहे; सदस्याने विचारावे, मंत्र्याने उत्तर वाचावे आणि दोघांनी आपले कर्तव्य पार पडले असे मानावे. वस्तुतः हा अधिकार एका हप्त्यात कोणी दान केलेला नाही. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या प्रांतिक कायदे कौन्सिलांत प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती. १८९२ साली ती मिळाली, परंतु उत्तरावर उपप्रश्न करण्यास मनाई राहिली, त्यामुळे १८९५ साली मुंबईच्या कौन्सिलात गेलेल्या लोकमान्य टिळकांना आणि १८९९ साली गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना सरकारचे उत्तर कितीही तुटपुंजे असले तरी तेथल्या तेथे त्याचा पाठपुरावा करता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्नाचा हक्क दिला आणि १९१९ नंतर तो कोणत्याही सदस्यास प्राप्त झाला. या अखेरच्या पायरीचे महत्त्व काय, हे मुंबईने पुढच्या काही वर्षांतच पाहिले.

१९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी मुंबई विकास खाते स्थापन केले आणि त्याच्याकडे दोन मोठी कामे सोपविली : बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढणे आणि कामगारांसाठी चाळी बांधणे. समुद्र हटविण्याच्या कामावर पैसा वाहत राहिला, जमीन मात्र ठरल्याप्रमाणे वर येईना. तेव्हा कायदे कौन्सिलाचे सदस्य असलेले वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी या खात्याच्या कारभारावर सभागृहात आणि सभागृहाबाहेर इतका चिवट मारा केला, की चौकशी समिती नेमणे सरकारला भाग पडले. हार्वे नावाच्या इंग्रज अभियंत्याने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला, त्यातून १९२८ साली ते निर्दोष सुटले आणि बॅक बेचा मूळ संकल्प पुष्कळसा आखडता घेतला गेला. एका माणसाच्या प्रश्नांनी समुद्र हटला नाही, हे खरे. पण सार्वजनिक तिजोरीचा हिशेब खात्याच्या दप्तरातून निघून लोकांपुढे आला, आणि प्रश्नाचे काम तेवढेच असते. घर बांधणे हे सरकारचे काम; सरकार काय करीत आहे याची कबुली लेखी घेणे हे सदस्याचे.

ही कबुली कशी मिळते, याविषयीही गैरसमज आहेत. पुष्कळांना वाटते की, सभागृहात ज्याचा आवाज चढा त्याचा प्रश्न मोठा. परंतु तारांकित प्रश्नाची सूचना आगाऊ द्यावी लागते; त्यात युक्तिवाद, तर्क, उपरोध किंवा दोषारोप चालत नाही; मंत्र्यांचे मत विचारता येत नाही, वस्तुस्थितीच विचारावी लागते. ‘हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय’ अशी त्याची ठरीव बांधणी असते आणि उत्तरेही तशीच ठरीव येतात : ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’, आणि सर्वांत अधिक वेळा, ‘हे अंशतः खरे आहे’. या शेवटच्या उत्तराला वाचक पळवाट समजतो. माझ्या मते अभ्यासू सदस्याला त्याहून मौल्यवान उत्तर नाही, कारण कोणता अंश खरा आणि कोणता नाही हे सांगण्याची जबाबदारी त्या क्षणी मंत्र्यांनी स्वतःच्या शिरावर घेतलेली असते, आणि उपप्रश्नाचा सारा उपयोग तो अंश उघडा करण्यासाठी आहे. ज्या तारांकित प्रश्नांची पाळी तासाभरात येत नाही त्यांची उत्तरेही लेखी स्वरूपात सभागृहासमोर येतात, म्हणून ‘प्रश्न चर्चेला आलाच नाही’ याचा अर्थ ‘उत्तर मिळाले नाही’ असा होत नाही. शिवाय ‘चौकशी करू’, ‘तीन महिन्यांत निर्णय घेऊ’ असे जे मंत्री बोलून जातात ते हवेत विरत नाही. ते वेचून त्याची पूर्तता झाली की नाही हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते, आणि उत्तर असमाधानकारक वाटल्यास अर्धा तास चर्चा, विषय तातडीचा असल्यास लक्षवेधी सूचना, ही साधने उरतात. ही समिती दुबळी पडते ती बहुधा सदस्यांनीच आपल्या जुन्या प्रश्नांचा पाठलाग सोडल्यामुळे, आणि याबद्दल मतदारांनी आपल्या प्रतिनिधीला विचारले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आता मूळ विषयाकडे. घरटंचाई म्हणजे घरांची संख्या कमी, आणि संख्या वाढली की टंचाई संपली, ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे की प्रश्न विचारणारे सदस्यही पुष्कळदा ‘किती सदनिका बांधल्या’ एवढेच विचारून थांबतात. शहरी घरटंचाईचा अंदाज करण्यासाठी केंद्र सरकारने अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१२ साली देशातील टंचाई सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची सांगितली, त्यांत महाराष्ट्राचा वाटा १९ लाखांच्या पुढे होता. पण त्या आकड्याच्या पोटात शिरून पाहिले म्हणजे चित्र पालटते : अजिबात घर नसलेली कुटुंबे सुमारे ५ लाख, तर जवळजवळ १ कोटी ५० लाख कुटुंबांपाशी डोक्यावर छप्पर होते, पण त्या छपराखाली विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली मिळू नये इतकी दाटी होती. टंचाई सोसणाऱ्यांत ९५ टक्क्यांहून अधिक कुटुंबे आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील होती, आणि त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, देशाच्या शहरी भागात १ कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. म्हणजे एकीकडे दाटी आणि दुसरीकडे कुलूपबंद घरे. अशा स्थितीत केवळ संख्येचा प्रश्न विचारला तर सरकार मोठ्या आकड्याचे खरे उत्तर देईल आणि तरीही काहीच सांगितलेले नसेल.

याचे सर्वांत बोलके प्रमाण वर उल्लेखिलेल्या विकास खात्यानेच ठेवले आहे. ५० हजार खोल्यांचा संकल्प सोडून, त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून, खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या. प्रत्येकीत ८० खोल्या, म्हणजे साडेसोळा हजार. आज ज्यांना आपण बीडीडी चाळी म्हणतो त्या याच. गिरणगावात एकेका खोलीत दोनदोन कुटुंबे राहत असताना या नव्या खोल्यांवर झुंबड उडावयास हवी होती, घडले उलट. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस हजारो खोल्या रिकाम्या होत्या, विशेषतः वरळीच्या, कारण गिरणी दूर, बाजार दूर, दिवाबत्ती आणि पाण्याची सोय अपुरी, आणि भाडे मजुराच्या हातात पडणाऱ्या पगाराला न झेपणारे. सिमेंट-काँक्रीटचा पुरवठा झाला होता, घराचा झाला नव्हता. पुढे वस्ती वाढली, ट्रॅम-बसेस आल्या, पाणी आले, आणि त्याच चाळी माणसांनी गच्च भरल्या. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे देण्याचा प्रकल्प आता म्हाडाकडे आहे आणि वरळीच्या पहिल्या काहीशे रहिवाशांना २०२५ साली किल्ल्याही मिळाल्या. परंतु उंच मनोऱ्यांत उद्वाहकांचा, पाणी वर चढविण्याचा आणि देखभालीचा मासिक खर्च त्या कुटुंबांना कायम झेपेल काय, हा १९२० च्या दशकातील भाड्याच्या प्रश्नाचाच नवा अवतार आहे, आणि तो सभागृहात वारंवार विचारला गेला पाहिजे.

भाडेनियंत्रण कायद्यामुळेच मुंबईत घरे बांधली गेली नाहीत, हे मत अर्धे बरोबर आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी जखडली, त्यामुळे मालकाने दुरुस्तीचा नाद सोडला, आणि १९६९ च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. हे सर्व नाकारता येत नाही. परंतु १९९९ च्या कायद्याने वार्षिक ४ टक्के भाडेवाढीस वाव दिल्यावरही गरिबांसाठी भाड्याची घरे उभी राहिली नाहीत, त्याअर्थी जमिनीची किंमत हे अधिक बलवत्तर कारण आहे.

याहून अधिक घातक समजूत म्हणजे, झोपडपट्टी पुनर्वसनातील मोफत घरांवर सरकारचा छदामही खर्च होत नाही, तेव्हा त्याचा हिशेब कोणी कोणाला मागावा? १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले तेव्हा ४० लाख लोकांना घरे देण्याची घोषणा होती. तीन दशकांत ते उद्दिष्ट निम्म्यापर्यंतही पोचलेले नाही. आणि जी घरे झाली ती फुकट झाली नाहीत. विकासकाला मिळणारे वाढीव चटईक्षेत्र ही सार्वजनिक मालमत्ता आहे; तिचे ओझे त्या विभागातील मलवाहिन्या, शाळा, दवाखाने आणि रस्ते वाहतात. तिजोरीतून रोकड निघाली नाही म्हणून खर्चच झाला नाही असे मानणे म्हणजे गहाण पडलेल्या शेताला कर्जमुक्त समजण्यासारखे आहे. किती चटईक्षेत्र मंजूर झाले, त्यापैकी किती विकले गेले आणि त्या बदल्यात किती पात्र कुटुंबे आत राहावयास गेली, हे तिन्ही आकडे एकाच उत्तरात मागण्याचा सदस्यास पूर्ण अधिकार आहे.

‘पाणी आणि गटार हा नगरसेवकाचा विषय, आमदाराने त्यात पडू नये’ असेही ऐकू येते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना, पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा हे विषय नगरपालिकांकडे जाण्याजोगे म्हणून बाराव्या अनुसूचीत घातले, हे खरे. तथापि ते किती सोपवावयाचे हे राज्याचा कायदा ठरवितो, आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते, विकास आराखड्याला अंतिम मंजुरी राज्य सरकार देते, आणि मार्च २०२२ पासून कित्येक वर्षे मुंबई महापालिकेवर लोकनियुक्त सभागृहाऐवजी प्रशासकच होता. अशा काळात आमदाराने पाण्याविषयी न विचारावे तर कोणी विचारावे? मृणाल गोरे यांनी ही सीमारेषा कधीच मानली नाही. गोरेगावच्या पाण्यासाठी झगडून त्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या, १९६१ साली महापालिकेत आणि १९७२ साली विधानसभेत गेल्या, आणि नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालील जमीन बिल्डरांना सोडण्याऐवजी गरजूंना द्यावी म्हणून नागरी निवारा परिषदेमार्फत त्यांनी व बाबूराव सामंतांनी दिंडोशीला सहा हजारांवर घरांची वसाहत उभी केली. पाणी आणि घर हे त्यांच्या दृष्टीने एकच काम होते. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, २००० नंतरच्या झोपड्यांतील माणसांनाही पाणी नाकारता येणार नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, तेव्हा त्या विचारालाच न्यायालयाची मान्यता मिळाली.

म्हणून आगामी अधिवेशनासाठी मसुदा करणाऱ्या सदस्यांना माझी सूचना एवढीच आहे, की ‘घरे किती’ हा प्रश्न एकटा पाठवू नये. गेल्या तीन वर्षांत भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या प्रत्येक पुनर्वसन इमारतीत प्रमाणपत्राच्या दिवशी नळजोडणी होती काय, मलवाहिनी जोडली होती काय, किती कुटुंबे प्रत्यक्ष राहावयास आली आणि किती घरांना कुलूप आहे, हे विभागवार तक्त्यात मागावे. तक्ता अपुरा आला तरी हरकत नाही; तो सभागृहाच्या दप्तरी दाखल होतो, आणि पुढील अधिवेशनात त्याच रकान्यांवर बोट ठेवून मधल्या काळात काय बदलले हे विचारता येते.