अडकलेला बोल्ट आणि आत मोडलेले हत्यार

रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या चालू असताना विहिरीवरील डिझेल एंजिन बंद पडले, तर उभे पीक धोक्यात येते. अशा वेळी दुरुस्तीसाठी एंजिन उघडावयास घेतले असता धुराच्या नळीचा एखादा बोल्ट गंजून घट्ट बसलेला आढळतो व पान्याने जोर करताच मोडतो. मग त्याला भोक पाडून 'ईझी-आऊट' हे निमुळते, उलट्या पिळाचे हत्यार त्यात घातले जाते. पुष्कळदा तेही आतच मोडते. या टप्प्यावर घाई केल्यास किरकोळ बोल्टापायी एंजिनच्या किमती भागाचे नुकसान होते. म्हणून अशा वेळी काय करावे, आणि त्याहीपेक्षा काय करू नये, हे प्रत्येक शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

बोल्ट व हत्यार का मोडते?

लोखंड गंजले म्हणजे त्याच्या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. आट्यांमधील फट बुजून जाते व बोल्ट पाचरीप्रमाणे आवळला जातो. धुराच्या नळीजवळ वारंवार तापण्या-निवण्यामुळे ही क्रिया अधिक वेगाने होते.

ईझी-आऊट हा बोल्टाच्या आत शिरणारा असल्याने तो बोल्टापेक्षा बारीकच असतो. जाडी निम्मी झाली की त्याच धातूची पीळ सोसण्याची शक्ती एक-अष्टमांशावर येते. हत्याराचे पोलाद अधिक बळकट असले, तरी ही तूट भरून निघत नाही. जो १० मिलिमीटरचा बोल्ट पान्याच्या जोराने न फिरता मोडला, तो ५ मिलिमीटरच्या हत्याराने सुटेल, ही अपेक्षाच व्यर्थ होय. शिवाय निमुळते हत्यार बोल्टाला आतून फाकविते, त्यामुळे त्याची पकड अधिकच घट्ट होते.

प्रथम काय टाळावे?

पाणी दिलेले पोलाद अत्यंत कठीण व ठिसूळ असते. साधे ड्रिल त्यात शिरत नाही. ते तुकड्यावरून घसरून बाजूच्या मऊ बिडात शिरते व भोक वाकडे होते. म्हणून मोडलेल्या हत्यारावर साधे ड्रिल चालवू नये.

तुकडा काढण्याच्या रीती

पुढील उपाय याच क्रमाने करावेत. काम करताना डोळ्यांना चष्मा अवश्य लावावा.

१. हत्याराचे टोक वर दिसत असल्यास ते पकडीने धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावे. त्याचे पीळ उलटे असल्यामुळे ते याच दिशेने सैल होते.

२. टोक आत असून भोवतालचे बीड जाड असल्यास टोकदार पंच व हलकी हातोडी यांनी तुकड्यावर नेमके ठोके द्यावेत. ठिसूळपणामुळे त्याचे बारीक कपचे होतात. ते चुंबकाने वेचून काढावेत. बीड पातळ असेल तर हा उपाय करू नये. त्याला तडा जाण्याचा संभव असतो.

३. बोल्टाचा माथा पृष्ठभागाच्या बरोबर अगर किंचित वर असल्यास जाणत्या वेल्डरकडून त्यावर नट बसवून, नटाच्या भोकातून तो बोल्टाला वेल्ड करून घ्यावा. आतील तुकडा काढण्याची मग गरजच उरत नाही. तापून आकुंचन पावताना गंजाची पकड सुटते. लाली गेल्यावर, बोल्ट गरम असतानाच त्यावर मेणबत्तीचे मेण टेकवावे. ते वितळून आट्यांत शिरते. नंतर नट थोडा पुढे, थोडा मागे असा हळूहळू हलवावा. पहिल्या प्रयत्नात वेल्ड सुटल्यास तो पुन्हा करण्यास हरकत नाही. वेल्डिंगपूर्वी डिझेलची टाकी दूर न्यावी, सांडलेले तेल पुसावे व बॅटरी असल्यास तिच्या तारा सोडाव्यात.

४. एवढ्यानेही काम न झाल्यास तो भाग यंत्रशाळेत न्यावा. तेथे कार्बाइडच्या अगर हिरकणीच्या बारीक घासणीने तुकडा झिजविता येतो. कोल्हापूर, पुणे, नाशिक यांसारख्या कारखानदारीच्या शहरांत साचे बनविणाऱ्या कारखान्यांत विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजविणारी यंत्रे असतात. त्यांपुढे पोलादाच्या कठीणपणाची मातब्बरी राहत नाही व भोकातील आटेही वाचू शकतात.

सुटा करता येणारा भाग ॲल्युमिनियमचा असेल, तर तुरटीच्या गरम द्रावणाचा उपयोग होतो. त्यात पोलाद हळूहळू विरघळते व ॲल्युमिनियम टिकून राहते. मात्र भांडे लोखंडाचे नसावे व त्या भागावरील इतर लोखंडी जोड आधी काढावेत. बिडाच्या भागावर हा उपाय कधीही करू नये, कारण बीडही झिजते.

आटे बिघडल्यास

भोवती पुरेसे बीड असल्यास भोक मोठे करून १० मिलिमीटरच्या जागी १२ मिलिमीटरचे आटे पाडता येतात. तसे नसल्यास तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवून मूळ मापाचाच बोल्ट वापरता येतो.

पुढील दक्षता

बोल्ट फिरत नाही असे दिसताच पान्याला नळी लावून जोर वाढवू नये. आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल सोडावे, बोल्टाच्या माथ्यावर हलके ठोके द्यावेत आणि बोल्ट पुढे-मागे हलवून पाहावा. तेवढ्याने न सुटल्यास, तेल पुसून घेतल्यावर बोल्टाभोवतालचा भाग तापवावा. बोल्ट मोडलाच, तर आधी वेल्डिंगचा नट व सर्वांत शेवटी ईझी-आऊट, हा क्रम ठेवावा. जोडणी करताना धुराच्या नळीच्या बोल्टांना उष्णता सोसणारे तांबेयुक्त वंगण लावावे. हंगाम संपताच हे बोल्ट एकदा सोडून, साफ करून पुन्हा आवळावेत. फुरसतीच्या दिवसांतील या तासाभराच्या कामामुळे ऐन पाण्याच्या पाळीत एंजिन अडून राहत नाही.