जनावराचे वाढते वय आणि पशुविमा

दुभते जनावर दगावले म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान दुहेरी होते. जनावराची किंमत बुडते, आणि ज्या दुधाच्या पैशावर घरखर्च व पेंडीची उधारी भागत असे तो पैसाही त्याच दिवसापासून बंद होतो. यापैकी किमतीची भरपाई विम्याने होऊ शकते. परंतु पुष्कळ शेतकऱ्यांना विम्याची आठवण होते ती जनावर थकू लागल्यावर, आणि तोपर्यंत विमा उतरविण्याचे वय बहुधा निघून गेलेले असते. यास्तव विमा केव्हा घ्यावा, वयाबरोबर त्यात कोणते फेरफार करावेत आणि वयोमर्यादा संपल्यावर काय करावे, याचा विचार जनावर तरुण असतानाच करणे इष्ट होय.

वयाची मर्यादा

आपल्या देशात पशुविम्यासाठी सर्वसाधारणपणे पुढील वयोमर्यादा चालत आली आहे. दुभती गाय २ वर्षांपासून, किंवा पहिल्यांदा विते त्या वयापासून, १० वर्षांपर्यंत. दुभती म्हैस ३ ते १२ वर्षे. पैदाशीचा वळू ३ ते ८ वर्षे. आणि ओढकामाचा बैल किंवा रेडा ३ ते १२ वर्षे. कंपनीपरत्वे व योजनेपरत्वे अटींत फरक पडतो, म्हणून पॉलिसीवरील मर्यादा वाचून पाहावी.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा विणाऱ्या संकरित गायीस विम्याची सुमारे सात वर्षे मिळतात. चौथ्या वर्षी विणाऱ्या गावठी गायीस सहाच मिळतात. यातील पहिली दोन-तीन वर्षे “जनावर धडधाकट आहे, विमा कशाला?” या विचारात गेली, तर उरलेला काळ फारच थोडा राहतो. शिवाय संकरित गायींत दुग्धज्वर हा तिसऱ्या वेतापासून पुढे अधिक आढळणारा आजार आहे, आणि कासदाहाचे प्रमाणही वयानुसार वाढते. म्हणजे धोका वाढू लागतो त्याच सुमारास विम्याची मुदत सरत आलेली असते. यावरून पहिल्या वेतालाच विमा उतरविणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग होय.

वय खरे लिहावे

गोठ्यात जन्मलेल्या कालवडीची जन्मतारीख वहीत टिपून ठेवली असेल तर वयाचा वाद उद्भवत नाही. बाजारातून आणलेल्या जनावराचे वय मात्र दातांवरून ठरवावे लागते. गुरांना पुढचे दात खालच्या जबड्यातच असतात. गायीच्या पक्क्या दातांची पहिली जोडी दोन वर्षांच्या सुमारास येते. पुढे क्रमाने जनावर चारदाती व सहादाती होऊन साडेचार ते पाच वर्षांच्या सुमारास जुळते. म्हशीचे दात याहून उशिरा येतात. जुळल्यानंतरचे वय दातांच्या झिजेवरून अजमावतात, आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास सर्व दात झिजलेले दिसतात. शिंगावरील वलयांच्या संख्येत दोन मिळवून वय काढण्याचा ठोकताळा प्रचलित आहे. परंतु विक्रीपूर्वी शिंगे तासली जातात, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

विमा मिळावा म्हणून बारा वर्षांची गाय आठ वर्षांची लिहिणे हा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचा प्रकार आहे. मृत्यूनंतर शवविच्छेदनाच्या वेळी दात पुन्हा पाहिले जातात. वयात मोठी तफावत दिसल्यास दावा नाकारला जाण्याचा संभव असतो, आणि भरलेले सर्व हप्ते वाया जातात.

विम्याची रक्कम दरवर्षी तपासावी

विम्याची रक्कम जनावराच्या बाजारभावाने ठरते. शेतकरी व कंपनीचा प्रतिनिधी यांनी ती शक्यतो पशुवैद्यकाच्या समक्ष ठरवावयाची असते. मृत्यूनंतर विम्याची रक्कम किंवा आजारापूर्वीचा बाजारभाव, यांपैकी जी कमी असेल तीच मिळते. हा नियम वयस्क जनावराच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे.

एक हिशेब पाहावा. समजा, पाचव्या वर्षी गायीची किंमत ६०,००० रुपये ठरली आणि हप्त्याचा दर शेकडा ३ आहे. तर वर्षाचा हप्ता १,८०० रुपये होतो. नवव्या वर्षी दूध कमी झाल्याने तिची किंमत ३५,००० रुपयांवर आली, तरी विम्याची रक्कम जुनीच ठेवली, तर हप्ता १,८०० रुपयेच भरावा लागेल. भरपाई मात्र ३५,००० रुपयांहून अधिक मिळणार नाही. रक्कम वेळीच कमी केली असती तर हप्ता १,०५० रुपये झाला असता. उलट, दुसऱ्या-तिसऱ्या वेतात दूध वाढून जनावराची किंमत चढते, तेव्हा रक्कम न वाढविल्यास भरपाई अपुरी पडते. म्हणून नूतनीकरणापूर्वी प्रत्येक वेळी किंमत नव्याने ठरवून घ्यावी.

सरकारी साहाय्य

केंद्र शासनाची पशुविमा योजना २००५-०६ मध्ये निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. २०१४-१५ पासून ती राष्ट्रीय पशुधन अभियानात समाविष्ट झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शेतकऱ्याचा हप्त्यातील वाटा शेकडा १५ वर आणण्यास मान्यता दिली. त्यापूर्वी हा वाटा शेकडा २० ते ५० असे. उरलेली रक्कम केंद्र व राज्य यांनी द्यावयाची आहे. या प्रमाणाने वरील उदाहरणातील १,८०० रुपयांच्या हप्त्यात शेतकऱ्याचा वाटा २७० रुपये होतो. किती जनावरांना लाभ मिळतो व त्या वर्षी निधी उपलब्ध आहे किंवा नाही, याची चौकशी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी.

साथीच्या वेळी सरकार मदत करील, या भरवशावर विमा टाळू नये. २०२२ साली महाराष्ट्रात लंपी चर्मरोगाने जनावरे दगावली, तेव्हा राज्य शासनाने दुभत्या जनावरास ३०,०००, ओढकामाच्या जनावरास २५,००० व वासरास १६,००० रुपये मदत दिली. ती त्या आपत्तीपुरती होती. दुग्धज्वराने किंवा सर्पदंशाने एखादी गाय मेली, तर अशी मदत मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

खंड पडू देऊ नये

नवीन पॉलिसीत पहिल्या १५ दिवसांत झालेल्या आजाराने मृत्यू आल्यास सामान्यतः भरपाई मिळत नाही, आणि विम्यापूर्वी जडलेला आजारही वगळलेला असतो. नूतनीकरणास उशीर झाला तर हीच अट पुन्हा लागू होते व आरोग्याचा नवा दाखला द्यावा लागतो. वयस्क जनावरास तो दाखला मिळणे कठीण होते. सलग तीन वर्षांची पॉलिसी मिळत असल्यास ही अडचण टळते. पॉलिसी चालू असतानाच जनावराने वयोमर्यादा ओलांडली तर संरक्षण शेवटपर्यंत राहते काय, हे मात्र विमा घेतानाच लेखी विचारून घ्यावे.

कायमच्या अपंगत्वाचे संरक्षण पाहिजे असल्यास जादा हप्ता भरावा लागतो व भरपाई सामान्यतः विम्याच्या रकमेच्या शेकडा ७५ पर्यंत असते. वार्धक्याने दूध आटणे हे असे अपंगत्व नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

कानातील बिल्ला ही जनावराची ओळख आहे. बिल्ला नसेल तर दावा मिळत नाही. तो पडल्यास त्वरित कळवून नवा बसवून घ्यावा व त्याचा क्रमांक पॉलिसीवर नोंदवावा. लसीकरणाच्या व उपचाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. जनावर मेल्यास कंपनीला व पशुवैद्यकाला तत्काळ कळवावे आणि तपासणी होईपर्यंत शवाची विल्हेवाट लावू नये. सूचना, पॉलिसी, दाव्याचा अर्ज व मृत्यूचा किंवा शवविच्छेदनाचा दाखला ही मुख्य कागदपत्रे होत.

मर्यादा संपल्यावर

वयोमर्यादा संपली म्हणजे गायीची सेवा संपली असे नाही. कित्येक गायी त्यानंतरही एक-दोन वेते देतात. मात्र त्यापुढचा धोका सर्वस्वी मालकाचा असतो. याकरिता दोन गोष्टी कराव्यात. पहिली, हप्त्याइतकी रक्कम दूध संस्थेच्या पगारातून दरमहा बाजूला काढून बँकेत ठेवावी. दुसरी, गाय सहा-सात वर्षांची असताना झालेली चांगली कालवड विकू नये. उत्तम संगोपन झाल्यास आई दहा वर्षांची होईतो ती पहिल्या वेताला येते आणि तिचा विमा लगेच उतरविता येतो. अशा रीतीने गोठ्यात एक तरी विमा उतरविलेले दुभते जनावर सदैव राहते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक साधी नोंदवही ठेवावी. तीत मालकाचे नाव, बिल्ल्याचा क्रमांक, जनावराचे वय, वेत, विम्याची रक्कम व मुदत संपण्याची तारीख एवढे रकाने पुरेत. मुदत संपण्यापूर्वी एक महिना मालकास आठवण द्यावी, आणि ज्या गायी नववे व ज्या म्हशी अकरावे वर्ष पार करीत असतील त्यांच्या मालकांशी पुढील व्यवस्थेविषयी बोलावे. ही वही नियमितपणे पाहिली गेली, तर मुदत टळली म्हणून भरपाई हुकण्याचे प्रसंग गावात क्वचितच येतील.